हेमलॉक-सीडरची रोपं कमरेएवढी होऊन थांबतात: काय तपासायचं, काय करायचं

सिॲटलच्या पूर्वेकडच्या पट्ट्यात, बॉथेल, रेडमंड, समामिश इकडे, आपली बरीच मंडळी घरं घेऊन स्थिरावली आहेत आणि अनेकांच्या मागच्या अंगणाला रानाचा एखादा तुकडा चिकटलेला आहे. त्यात हेमलॉक, सीडर अशी इथली सूचिपर्णी झाडं. दर वर्षी मे-जूनमध्ये त्यांच्यापैकी कुणाचा तरी फोन येतो. तक्रार ठरलेली: "मोठ्या झाडांखाली हेमलॉकची रोपं आहेत. हिरवी आहेत, मरत नाहीत, पण पाच वर्षांत वीतभरही वाढली नाहीत. कुठलं खत घालू?" सीडरवाल्यांचं रडगाणंही हेच, फक्त त्यात हरणांची भर.

खत घालू नका. मी घातलं होतं, सलग दोन वर्षं. शेजारचे नेचे तेवढे माजले.

दर वेळी विचारला जाणारा दुसरा प्रश्नही आधीच उरकतो: सॉक्रेटिसला प्यायला दिलेला हेमलॉक तो हा नव्हे. ती गाजराच्या कुळातली विषारी वनस्पती. इथला पश्चिमी हेमलॉक हा मोठा सूचिपर्णी वृक्ष, १९४७ पासून आपल्या वॉशिंग्टन राज्याचा राज्यवृक्ष. सावली सोसण्यात त्याचा हात धरणारे फार थोडे. पॅसिफिक सिल्व्हर फर आणि यू हे त्याच पंगतीतले, लाल सीडर त्यांच्या खालोखाल. डग्लस फर मात्र या पंगतीत बसत नाही. तो उजेडाचा गडी. दाट सावलीत त्याचं रोप तग धरत नाही.

म्हणून पहिलं काम, रोप कशाचं आहे ते ओळखा. हेमलॉकच्या सुया आखूड, एकाच फांदीवर लहान-मोठ्या, खालच्या बाजूला पांढरट पट्टे, आणि शेंडा मान खाली घातलेला. सीडरला सुया नसतात, खवल्यांसारखी चपटी पानं असतात. डग्लस फरच्या कळ्या तपकिरी आणि टोकाला अणकुचीदार. डग्लस निघालं, तर पुढे सांगितलेल्या हळूहळू उजेड वाढवण्याने त्याचं भागणार नाही, त्याला वर मोकळं आकाशच लागतं.

थांबलं म्हणजे नेमकं काय झालं

सावली सोसणं वेगळं आणि सावली आवडणं वेगळं. सासुरवास सोसणाऱ्या सुनेला तो आवडतो असं कुणी म्हणत नाही, पण झाडांच्या बाबतीत आपण सर्रास तसं धरून चालतो. "अहो, सावलीतलं झाड आहे ना, मग सावलीतच लावलं!"

दाट हेमलॉकच्या छताखाली उघड्यावरच्या उजेडाचे शंभरातले एक-दोन भागच जमिनीवर पोचतात. तेवढ्यात पानं जे कमावतात ते झाड जिवंत ठेवण्यातच संपतं. घरात कमावती फक्त पानं; खोड, फांद्या, मुळं ही सगळी खाणारी तोंडं. वीतभर रोपात खाणारी तोंडं कमी, म्हणून अगदी थोड्या उजेडातही ते वर्षाला बोटाच्या पेराएवढं सरकतं. तेच कमरेला आलं की खोड आणि मुळं वाढलेली असतात, उजेड मात्र तेवढाच. जमा आणि खर्च बरोबरीत येतात आणि झाड जागच्या जागी उभं राहतं. कमरेशीच का थांबतात, या कोड्याचा उलगडा एवढाच आहे. चूलच पेटलेली नसताना पिठाचा डबा भरून ठेवल्यासारखं खताचं होतं.

असं किती वर्षं थांबू शकतं? माझ्याकडचं एक मेलेलं हेमलॉक मी बुडाशी कापलं, काप पॉलिश पेपरने घासला आणि भिंगाखाली धरला. उंची माझ्या कमरेएवढी, जाडी अंगठ्याएवढी. वलयं मोजली तर एकतीस. बाहेरची वलयं इतकी बारीक की दोनदा चुकलो. ज्याला मी "रोप" म्हणत होतो ते माझ्या धाकट्या भावाच्या वयाचं निघालं. सिल्व्हर फरची तर पर्वतातली कहाणी याहून लांब: माणसाच्या उंचीचं झाड शंभरीला टेकलेलं असू शकतं.

आधी दुखणं ओळखा

उजेडाच्या उपासमारीची खूण शेंड्यावर असते. झाडासमोर उभे राहा आणि मुख्य शेंड्याची गेल्या वर्षीची वाढ व त्याच्या लगतच्या फांदीची वाढ बोटांनी मापून पाहा. शेंडा फांदीपेक्षा लांब असेल तर झाड वर निघालेलं आहे, त्याला त्रास देऊ नका. फांद्या लांब आणि शेंडा आखूड असेल, माथा उघडलेल्या छत्रीसारखा चपटा दिसत असेल, तर झाडाने वर जायचं सोडून आडवं पसरून मिळेल तो उजेड गोळा करायला घेतलं आहे. फरमध्ये हे फार स्पष्ट दिसतं. हेमलॉकचा शेंडा एरवीही वाकलेलाच असतो, तेव्हा वाकडेपणा बघू नका, लांबी बघा. सुयाही सांगतात: सावलीतल्या पातळ, रुंद, गडद हिरव्या आणि कंगव्यासारख्या दोन्ही बाजूंना सपाट मांडलेल्या, उन्हातल्या जाड, आखूड आणि वर वळलेल्या.

ही लक्षणं नसतील तर गुन्हेगार दुसरा आहे. सीडरचा शेंडा कुरतडलेला, तुटका दिसला तर हरीण. तिथे उजेड वाढवून उपयोग नाही, आधी जाळी लावा. सीडरची आतली पानं सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तांबूस होऊन गळू लागली तर घाबरू नका, जुनी पानं टाकायची ती त्याची नेहमीची रीत. दर शरदात निदान दोन घरी मी एवढंच सांगून चहा पिऊन परत येतो. पण माथ्याकडून विरळ होत जाणारं, टोकं वाळणारं सीडर ही गंभीर गोष्ट. गेल्या काही वर्षांत वॉशिंग्टन आणि ओरेगॉनमध्ये अशी सीडर बरीच मेली आहेत आणि त्यामागे कोरडे, तापलेले उन्हाळे आहेत. त्याला पाणी हवं, ऊन नको. हेमलॉकच्या सुयांखाली पांढरी लोकर दिसली तर ती मावासदृश कीड; अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर तिने हेमलॉकची रानं उठवली, पण आपल्या इकडचा पश्चिमी हेमलॉक सहसा तिला पुरून उरतो.

आणखी एक तपासणी मुळांची. मोठ्या झाडांखाली उजेडाबरोबर पाण्याचीही चोरी चालते. छत पाऊस वरच्या वर झेलतं, आणि जुलै-ऑगस्टमध्ये इथे पाऊस नावालाच पडतो. एका थांबलेल्या रोपाभोवती दोन हातांवर कुदळीने फूटभर खोल चर मारा, मोठ्या झाडाची बारीक मुळं तोडा, चर परत बुजवा. त्या रोपाने पुढच्या दोन वर्षांत शेजाऱ्यांपेक्षा स्पष्ट जास्त वाढ दाखवली तर तुमचा अर्धा प्रश्न पाण्याचा आहे. मोठं झाड जवळ असेल तर त्याच्या जाड मुळांना हात लावू नका.

उजेड मोजा, डोळ्यावर विसंबू नका

डोळा इथे सपशेल फसतो. बाहुली मोठी होते आणि दोन टक्के उजेडही "बऱ्यापैकी आहे की" असा वाटतो. फोनवर लक्स (उजेडाचं माप) मोजणारं कुठलंही फुकट ॲप उतरवा. आकाश सारखं राखाडी, एकसंध ढगांनी भरलेलं असेल असा दिवस निवडा. सिॲटलमध्ये त्यासाठी वाट बघावी लागत नाही. उन्हाच्या दिवशी मोजू नका. पानांतून झिरपलेला एखादा कवडसा फोनवर पडला की आकडा दसपट होतो आणि दोन मिनिटांनी कवडसा सरकला की गायब. ढगाळ दिवसाचं प्रमाण हंगामभराच्या सरासरीच्या बरंच जवळ येतं.

फोन आडवा, पडदा आकाशाकडे, रोपाच्या शेंड्याच्या उंचीवर. रोपाच्या चारही बाजूंना एकेक नोंद घ्या आणि सरासरी काढा. मग लगेच, पाच मिनिटांच्या आत, रस्त्यावर किंवा मोकळ्या हिरवळीवर जाऊन तीच नोंद घ्या. पहिल्या आकड्याला दुसऱ्याने भागा, शंभराने गुणा. बाहेर १२,००० आणि रोपाशी ३६० असेल तर तीन टक्के. फोन हिरव्या प्रकाशाला जास्त मोजतो आणि पानांखालून येणारा प्रकाश हिरवाच असतो, त्यामुळे झाडाच्या कामाचा उजेड या टक्केवारीपेक्षा थोडा कमीच धरा.

पाच टक्क्यांच्या खाली असलेल्या मोठ्या रोपाकडून वाढीची अपेक्षा ठेवू नका. दहा ते वीसमध्ये सरकतं, पण सावकाश. एक-तृतीयांशाच्या आसपास हेमलॉक आणि सीडर दोन्ही खुशीत असतात. निम्म्याच्या पुढे आणखी उजेड दिल्याने उंचीत फारशी भर पडत नाही, उलट जमीन वाळते आणि ब्लॅकबेरीचं रान माजतं. सगळी झाडं तोडून मोकळं करायची गरज नाही हे यावरूनच कळतं, आणि हे कळलं की अर्ध्या लोकांचे निम्मे पैसे वाचतात.

इथला सूर्य डोक्यावर येत नाही

ही चूक आपली, देशातून सवयीने आणलेली. पुण्यात मेच्या मध्यात दुपारचा सूर्य अक्षरशः डोक्यावर असतो. रोपाच्या थेट वरची फांदी छाटली की ऊन खाली. सिॲटल ४७.६ अंश उत्तरेला. २१ जूनलाही दुपारचा सूर्य ६६ अंशांच्या वर चढत नाही, आणि २१ डिसेंबरला तो जेमतेम १९ अंशांवर असतो. शंभर फुटी झाडाची दुपारची सावली जूनमध्ये साधारण ४५ फूट, २२ सप्टेंबरच्या सुमारास ११० फूट, डिसेंबरमध्ये २९० फूट उत्तरेकडे पडते.

म्हणजे रोपाला ऊन अडवणारं झाड बहुतेक वेळा रोपाच्या वर नसून त्याच्या दक्षिणेला, कधीकधी कुंपणापलीकडे शेजाऱ्याच्या आवारात असतं. एका मित्राने रोपांच्या वरचा भलामोठा मेपल काढला, खर्च करून. ऊन जिथे उतरलं ती जागा निघाली मोकळ्या पट्ट्याच्या उत्तर टोकाला, त्याच्या गाड्यांच्या शेडवर. रोपं तशीच अंधारात. छतात भोक पडलं तर थेट ऊन त्याच्या उत्तरेकडच्या कडेला पडतं, दक्षिणेकडच्या कडेला फक्त आकाशाचा उजेड मिळतो. करवत काढण्याआधी जूनच्या शेवटी दुपारी सव्वाच्या सुमारास (घड्याळ उन्हाळ्यात एक तास पुढे असतं, म्हणून सव्वा) रोपाशेजारी बसा आणि सूर्य कुठल्या झाडामागे लपलाय ते बघा.

तो मेपल तोडायलाच नको होता हे वेगळंच. मेपल आणि ऑल्डर यांची पानं शरदात गळतात आणि वसंतात परत येईपर्यंत खाली लख्ख उजेड असतो. या किनाऱ्यावरचा हिवाळा सौम्य आणि ओला, त्यामुळे सदाहरित झाडं तेव्हाही थोडंफार कमावत राहतात. इथे सूचिपर्णींचंच राज्य का, याचं कारण रिचर्ड वॉरिंग आणि जेरी फ्रँकलिन या वनशास्त्रज्ञांनी १९७९ मध्ये याच ओल्या हिवाळ्यांत आणि कोरड्या उन्हाळ्यांत शोधलं होतं. मेपलखालचं हेमलॉक हेमलॉकखालच्या हेमलॉकपेक्षा भाग्यवान.

उजेड वाढवताना

माझा क्रम असा: सगळ्यात आधी रोपाच्या उंचीवरचं झुडूप, म्हणजे हेझल, वाइन मेपल, नेचे. एवढ्यानेच कित्येकदा दोन टक्क्यांचे सहा होतात आणि खर्च शून्य. मग दक्षिणेकडच्या मोठ्या झाडांच्या खालच्या फांद्या. सूर्य तिरका असल्यामुळे खालून आत येणारा उजेड इथे मोलाचा. एवढं करूनही भागलं नाही तरच एखादं आख्खं झाड, आणि त्याआधी आपल्या शहराचे वृक्षतोडीचे नियम बघा, बऱ्याच ठिकाणी परवाना लागतो. झाडाचा माथा उडवणं हा उपाय नाही. तो सडण्याला आमंत्रण देतो, आणि तो उडवायला आनंदाने तयार होणाऱ्या माणसाला मी पुन्हा बोलावत नाही.

कुठल्या रोपासाठी एवढं करायचं तेही ठरवा. हिरव्या फांद्या उंचीच्या निम्म्या भागावर असतील तर ते उजेडाला उत्तर देईल. फक्त वरच्या चतुर्थांशावर हिरवं उरलं असेल तर फार आशा नको. उंची खोडाच्या जाडीच्या शंभरपटीहून जास्त असेल, म्हणजे सहा फुटी रोप पाऊण इंचाहून बारीक असेल, तर आडोसा काढताच पहिल्या ओल्या बर्फात ते लवून जमिनीला टेकेल. आणि वरच्या मोठ्या हेमलॉकमध्ये खराट्यासारखे दाट फांद्यांचे झुपके आहेत का ते नक्की बघा. ते बांडगूळ. त्याच्या बिया फळातून गोळीसारख्या सुटतात आणि खालच्या पिलांना चिकटतात. तसं असेल तर खालच्या हेमलॉकचा नाद सोडा, तिथे सीडर वाढवा. हे बांडगूळ सीडरवर वाढत नाही.

वेळ ऑक्टोबरचा शेवट ते फेब्रुवारी. जूनमध्ये कधीच नाही. हे मी शिकलो ते महागात पडून. २०२१ च्या जूनच्या पहिल्या आठवड्यात एका कंपनीने माझ्याकडची दोन झाडं पाडली. "आत्ता करून टाकू, तारीख मोकळी आहे," म्हणाले, आणि मीही हो म्हटलं. त्याच महिन्याच्या २८ तारखेला सिॲटलच्या विमानतळावर पारा ४२ अंश सेल्सियसच्या पार गेला. आयुष्यभर अंधारात वाढलेल्या पातळ सुया तीन आठवड्यांपूर्वी उघड्या पडलेल्या. तीन दिवसांत सगळी रोपं चहापत्तीच्या रंगाची झाली.

उघडल्यावर तपकिरी पडली तर

मी तेव्हा सात रोपं उपटून टाकली. कुंपणाच्या कोपऱ्यातली चार आळसापोटी राहून गेली, आणि पुढच्या मेमध्ये त्यातल्या तिघांना पोपटी पालवी फुटली. म्हणून तपकिरी रोप लगेच उपटू नका. सावलीतल्या सुईला अचानक ऊन लागलं की हरितद्रव्य जळतं आणि ती सुई मरते, पण कळी आणि साल बहुतेकदा जिवंत असते. खोडावर नखाने हलकेच ओरखडा काढा: आत ओलसर हिरवं दिसलं तर झाड आहे. एखादी कळी ब्लेडने उभी चिरा. आत हिरवा कोंब दिसला तर पुढचा वसंत बघायचा. नव्या सुया नव्या उजेडात उमलतात, त्यामुळे त्या उन्हाच्या तब्येतीच्याच येतात. ज्या रोपाची फक्त दक्षिण-पश्चिम बाजू करपली आहे त्याची काळजी करायचीच नाही.

तोवर पाणी द्या: आठवड्यातून एकदा, भरपूर. हेमलॉकची मुळं वरच्या कुजक्या पालापाचोळ्यातच पसरलेली असतात, तो थर झाडून स्वच्छ करू नका. इथल्या जंगलात हेमलॉकची पिल्लं पडलेल्या, कुजणाऱ्या ओंडक्यांवर ओळीने उगवलेली दिसतात ती उगीच नव्हे. ओंडका स्पंजसारखा ओल धरतो. अंगणात असा ओंडका पडला असेल तर तो हलवण्याआधी वरची रोपं मोजा. आणि पहिला उन्हाळा चटका फार वाटला, तर दक्षिणेकडून तीस-चाळीस टक्क्यांची शेडनेट बांधा, सप्टेंबरमध्ये काढा.

पहिल्या वर्षी उंची वाढली नाही म्हणून हताश होऊ नका. फरचा यंदाचा कोंब गेल्या उन्हाळ्यातच कळीत तयार झालेला असतो. उजेड आज मिळाला तरी त्याचं उत्तर पुढच्या कोंबात येतं. शिवाय झाड आधी मुळं आणि खोडाची जाडी सावरतं, वर नंतर निघतं. सीडरला अशी बंद कळीच नसते, ते अनुकूल दिवस असेपर्यंत वाढत राहतं, त्यामुळे ते सगळ्यात आधी हललेलं दिसतं. हेमलॉक त्यानंतर.

चार-पाच वर्षांनी पुन्हा तेच

फोन परत येतो तो इथे. "छान निघाली होती हो, डोक्याच्या वर गेली, आता परत थांबली."

दोन गोष्टी एकदम घडलेल्या असतात. तुम्ही उघडलेलं भोक आजूबाजूच्या झाडांनी फांद्या पसरून बुजवत आणलेलं असतं. आणि रोप मोठं झालेलं असतं, म्हणजे खाणारी तोंडं वाढलेली असतात. कमरेएवढ्या झाडाला जो उजेड पुरला तो दहा फुटी झाडाला पुरत नाही. पहिल्यांदा बारा टक्के पुरेसे वाटले, आता वीस-पंचवीस हवेत आणि प्रत्यक्षात मिळताहेत आठ. हे पुन्हा होणारच, तेव्हा मोजणीची वही ठेवा. दर ऑक्टोबरमध्ये, त्याच जागी, शेंड्याच्या उंचीवर लक्स, आणि त्या वर्षीच्या शेंड्याची वाढ इंचांत. माझ्या वहीत शेंड्याची वाढ दोन वर्षं सलग घटली की मी दक्षिणेकडच्या दोन-तीन फांद्या काढतो. झाडांचा घोळका असेल तर त्यांच्यातलीच विरळणी करावी लागते, कारण एव्हाना ती एकमेकांनाच झाकत असतात. कुठलं ठेवायचं हे ठरवताना सगळ्यात उंच झाडाच्या मोहात पडू नका, सगळ्यात खालपर्यंत हिरवं असलेलं निवडा.

या ऑक्टोबरला कोपऱ्यातल्या तिघांपैकी एकाचा शेंडा माझ्या हाताच्या पलीकडे गेला. आता मोजायला शिडी लागणार आहे, आणि बायकोने शिडीवर चढायला बंदी घातली आहे. बांबूला पट्टी बांधून बघतो.